दंतवैद्यक प्रवेशाची पूर्वतयारी: सुरगाण्याच्या एका शिक्षकांना उत्तर

आपण सुरगाणा तालुक्यातील एका आश्रमशाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता. अकरावी विज्ञानाच्या वर्गातील बारा-पंधरा मुलामुलींसाठी बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या प्रवेशाची पूर्वतयारी शाळेतच सुरू करावी, असे आपल्या मनात आहे. अशा उपक्रमात नेमके काय असावे, तो कधी सुरू करावा आणि घरातून आधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नसताना या मुलांना दंतवैद्यकाकडे वळवणे योग्य ठरेल का, अशा तीन गोष्टी आपण विचारल्या आहेत. मी नाशिकमध्ये पंचवीस वर्षे दंतचिकित्सा करतो आहे, त्यातील काही वर्षे शिकवलेही आहे, आणि पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून शहरात आलेल्या मुलांच्या तयारीला गेली बारा वर्षे रविवारी हातभार लावतो. जे पाहिले, त्यावरून लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. पूर्वतयारी म्हटले की आपल्याकडे नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे क्लास डोळ्यांसमोर येतात. परंतु परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मागे राहिलेली मुले जितकी मी पाहिली, जवळजवळ तितकीच मुले गुण असूनही जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने, पसंतीक्रम चुकीचा भरल्याने किंवा पहिल्या वर्षीचा वरखर्च न पेलल्याने जागा गमावताना पाहिली आहेत. म्हणून दहावीच्या निकालापासून बीडीएसचे पहिले वर्ष संपेपर्यंत जो उपक्रम मुलाबरोबर चालतो, त्यालाच मी पूर्वतयारी म्हणेन.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे अवलंबून आहे. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असा पाच वर्षांचा मार्ग आहे. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. एमबीबीएससाठी जी नीट, तीच दंतवैद्यकासाठी. शासकीय महाविद्यालयातील बीडीएसची जागा सर्वसाधारणपणे एमबीबीएसपेक्षा कमी गुणांवर मिळते, आणि खासगी महाविद्यालयांत तर अनेकदा जागा शिल्लक राहतात. २०२०-२१ च्या प्रवेशात देशभर सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ मधील निकालाने त्या वर्षीपुरती पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा दहाने खाली आणली गेली. याचा अर्थ दार उघडे आहे, असा घ्यावा. पण जागा रिकाम्या का राहतात, हेही मुलांना सांगावे. बीडीएस झाल्यावर पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या मानधनावर काम करावे लागते, आणि स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे आणि निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह यांसाठी कर्ज घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला, मशेरी आणि तंबाखूने तोंडाची वाट लागलेले रुग्ण आपल्या भागात किती आहेत हे मी आपल्याला सांगायला नको, आणि त्यांच्यासाठी दातांचा डॉक्टर अजूनही नाशिकलाच बसलेला आहे. ज्या मुलाला मनापासून एमबीबीएसच हवे आहे, त्याच्यावर बीडीएस लादू नये; नाइलाजाने आलेली मुले दुसऱ्या वर्षापर्यंत कोमेजलेली मी पाहिली आहेत. मात्र ज्याला हाताने काम करायला आवडते, त्याच्यासाठी हा पहिल्या पसंतीचा मार्ग असू शकतो, आणि हे त्याला अकरावीतच कळायला हवे.

आता परीक्षेविषयी. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे आणि उरलेले भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे निम्मे-निम्मे. २०२१ ते २०२४ या वर्षांत काही प्रश्न सोडून देण्याची मुभा होती, ती २०२५ पासून गेली. त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेताना वेळेचा हिशेब नव्याने लावावा. आपण स्वतः जीवशास्त्र शिकवता ही या मुलांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. एनसीईआरटीचे जीवशास्त्राचे पुस्तक ओळन्‌ओळ तीन वेळा झाले, आकृत्यांखालच्या मजकुरासह झाले, तर आश्रमशाळेतील मूलही शहरातील मुलाच्या बरोबरीने उभे राहते. रसायनशास्त्रातील असेंद्रिय भागही असाच वाचून साधतो.

अडचण भौतिकशास्त्राची आहे, आणि तिचे मूळ भौतिकशास्त्रात नाही. डॉक्टर व्हायचे म्हणून मुले अकरावीत गणित सोडतात, आणि मग घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, आलेखाचा उतार, सदिश या गोष्टी न शिकताच त्यांच्यासमोर गतीची समीकरणे येतात. सूत्र पाठ असते, पण दहाचा उणे सातवा घात उजवीकडून डावीकडे नेताना हात थांबतो. २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नांनी तर महागड्या क्लासच्या मुलांनाही घाम फोडला होता. म्हणून माझा आग्रह असा, की अकरावीचे पहिले सहा आठवडे भौतिकशास्त्राला हातच लावू नये. रोज एक तास केवळ हे गणित घ्यावे, आणि त्यासाठी शाळेतील नववी-दहावीच्या गणिताच्या शिक्षकांनाच विनंती करावी. हे सहा आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात आणि पालकांपेक्षा मुख्याध्यापकांनाच अधिक खटकतात. तरीही बारावीच्या डिसेंबरमध्ये जी मुले भौतिकशास्त्र सोडून देतात, त्यांच्यातील बहुतेकांचे पाऊल याच ठिकाणी अडखळलेले असते.

भाषेबाबत एक सापळा आहे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, त्यामुळे मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला तोच पर्याय घ्यावासा वाटतो. परंतु अकरावी-बारावी विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीतून होतो, एनसीईआरटीची पुस्तके मराठीत नाहीत, आणि अनुवादात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. ज्या मुलाने दोन वर्षे मायटोकाँड्रिया आणि रायबोसोम असे वाचले आहे, त्याला परीक्षेच्या दिवशी तंतुकणिका हा शब्द परका वाटतो. प्रादेशिक भाषेची प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते, तेव्हा मराठी पर्याय घेण्यात तोटा नाही. मात्र वाचायचे इंग्रजी आणि शंका आली तरच मराठी पाहायचे, ही सवय सराव परीक्षांतच लावावी. शिकवताना संकल्पना मराठीत, किंबहुना मुले घरी कोकणा समाजाची कोकणी किंवा डांगी बोलत असतील तर तिच्यातही, समजावून सांगावी आणि संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवावी.

सराव परीक्षा रविवारी दुपारी दोन ते पाच याच वेळेत घ्याव्यात, कारण नीट त्याच वेळी असते आणि मे महिन्यातील उन्हात जेवणानंतर तीन तास लक्ष टिकवणे ही शरीराची सवय आहे. उत्तरे छापील ओएमआर कागदावर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, काळ्या बॉलपेननेच भरून घ्यावीत. परीक्षेचे केंद्र नाशिक शहरात आले, तर मुलांना आदल्या दिवशीच शहरात आणावे. पहाटेच्या एसटीने निघून सीबीएस बसस्थानकावर उतरायचे आणि मग रिक्षाने केंद्र शोधायचे, ही कसरत त्या दिवशी नको. दीड वाजता फाटक बंद होते आणि त्यानंतर कोणाचीही विनवणी चालत नाही.

सगळे आपणच उभे करावे असे नाही. नाशिक जिल्हा परिषदेचा ‘सुपर ५०’ हा उपक्रम दहावीनंतर निवड चाचणी घेऊन ग्रामीण मुलांना निवासी तयारीची संधी देतो. आपल्या शाळेतील सर्वांत तयारीच्या दोन-तीन मुलांना त्या चाचणीला जरूर बसवावे. महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. आपली बहुतेक मुले अनुसूचित जमातीची असल्याने त्यांना तिचा उपयोग नाही, पण परिसरातील इतर शाळांना हे सांगावे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम मला विशेष शिकवून गेला. तेथे नुकतीच परीक्षा पार केलेली मुलेच पुढच्यांना विनामूल्य शिकवतात. माझ्यासारखा पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेला माणूस भौतिकशास्त्रातील एखादे उदाहरण सोडवताना अडखळतो. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अडखळत नाही, आणि तो स्वतः आश्रमशाळेतून आलेला असेल तर वर्गातील मुले त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. नाशिक परिसरातील दंत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अशी मुले आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि जेवण देऊन महिन्यातून दोन रविवार बोलवा.

आता ज्या भागावर माझे सर्वाधिक म्हणणे आहे, तो कागदपत्रांचा. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातींसाठीची समिती नाशिकमध्येच आहे, तरीही प्रकरण दक्षता पथकाच्या चौकशीला गेले की महिने उलटतात. कळवणकडच्या एका मुलाला २०१९ मध्ये पुरेसे गुण असतानाही त्याचा अर्ज बारावीच्या परीक्षेनंतर गेल्यामुळे वर्ष सोडावे लागले. त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात, जे आपले नव्हे, अर्ज अकरावीतच भरता येतो हे कोणी सांगितलेच नव्हते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा अर्ज महाविद्यालयाच्या शिफारशीने अकरावीतच करता येतो आणि तो अकरावीच्या दिवाळीपूर्वी गेलाच पाहिजे, असा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा.

या अर्जाला पुरावा लागतो तो जुना, आणि कोणत्या तारखेपूर्वीचा, हे प्रवर्गानुसार ठरलेले आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या कुटुंबात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्याकडे १९५० पूर्वीची शाळेची नोंद कोठून येणार? अशा वेळी तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती, तसेच जमिनीचे जुने फेरफार आणि सात-बारा उपयोगी पडतात. वडिलांच्या बाजूच्या रक्तातील एखाद्या नातेवाइकाकडे, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाकडे, वैधता प्रमाणपत्र असेल तर प्रकरण पुष्कळ सोपे होते. म्हणून दहावीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाकडून त्याची वंशावळ लिहून घ्यावी आणि त्यातील कोण नोकरीला आहे हे विचारावे. शासकीय नोकरीत असलेल्याकडे हे प्रमाणपत्र असण्याची शक्यता अधिक असते. आणखी एक बारीक गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि जातीच्या दाखल्यावर आडनाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे का, हे पाहावे. गावीत आणि गावित यांतील वेलांटीसाठी मी एका मुलीला चार महिने हेलपाटे घालताना पाहिले आहे. अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे त्या मानाने सोपे आहेत, पण जूनच्या गर्दीत तेही अडतात.

निकालानंतर राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणी होते आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू होतात. एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात येतात आणि दोहोंचा पसंतीक्रम एकाच अर्जात भरायचा असतो. आयुर्वेद, होमिओपॅथी यांचा गट वेगळा आणि फिजिओथेरपीचा आणखी वेगळा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आधी, मग खासगी महाविद्यालये, असा साधारण क्रम मी सुचवतो. नाशिकमध्येही खासगी दंत महाविद्यालय आहे, आणि घराजवळ म्हणून पालक ते सर्वांत वर लिहायला सांगतात. परंतु शासकीय महाविद्यालयात रुग्णांची संख्या मोठी असते, आणि दंतवैद्यकात हात रुग्णांवरच तयार होतो. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात व त्यांचे शुल्क फार मोठे असते, त्यामुळे एजंटांच्या फोनवरून तिकडे वळू नये. आणि बारावीनंतर सोय म्हणून जवळच्या महाविद्यालयात बीएस्सीला प्रवेश घेतला असेल, तर मूळ कागदपत्रे तेथे अडकणार नाहीत याची आधीच खात्री करून घ्यावी. एका महाविद्यालयाने पूर्ण वर्षाचे शुल्क भरल्याशिवाय मूळ दाखले द्यायला नकार दिल्याने आमच्या एका विद्यार्थ्याची दुसरी फेरी हुकता हुकता राहिली.

शुल्काची बाजू लोकांना वाटते तितकी अंधारी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासाठी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला मात्र ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर होतो, आणि त्यासाठी आधारशी जोडलेले बँक खाते बारावीतच उघडून ठेवावे. वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

खरा फटका बसतो तो शुल्काबाहेरच्या खर्चाचा. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरण्यासाठी कार्व्हर, मेणाच्या सुऱ्या, स्पिरिट दिवा, एप्रन आणि जाड पुस्तके घ्यावी लागतात; पुढे दात कोरण्याच्या एअरोटर यंत्राची हँडपीस, दातांचा साचा घ्यायचे इंप्रेशन ट्रे आणि इतर उपकरणांची यादी वर्षागणिक वाढत जाते. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात येईपर्यंत सहामाही उलटते, आणि उपकरणे मात्र पहिल्या महिन्यात दाखवावी लागतात. आपल्या उपक्रमाला देणगी मिळणार असेल, तर ती आणखी एका टेस्ट सिरीजवर खर्च करू नका. जुन्या विद्यार्थ्यांची उपकरणे आणि पुस्तके जमवून त्यांची एक पेटी तयार करा आणि ती एका तुकडीकडून दुसरीकडे जाऊ द्या. आमच्याकडे अशा तीन पेट्या फिरत आहेत, आणि त्यांतील एका कार्व्हरची मूठ दोराने बांधलेली असली तरी तो अजून चांगला चालतो.

मुलांना या व्यवसायाची ओळख कशी करून द्यावी, याबाबत अमेरिकेतील एका प्रयोगाचा उल्लेख करतो. तेथे दंत महाविद्यालयात प्रवेश पदवीच्या अभ्यासानंतर मिळतो, आणि रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या पैशावर चालणारा एक सहा आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाची चव देतो. २००६ पासून त्यात दंतवैद्यकाचाही समावेश झाला. विज्ञानाचे विषय तेथेही शिकवले जातात, पण त्यांच्या जोडीला प्रत्यक्ष दवाखान्यात वावरणे, अभ्यासाच्या सवयी आणि पैशाचे नियोजन हेही असते. आपल्याला सहा आठवडे शक्य नाहीत. मात्र दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस जमतात. मी मुलांना दवाखान्यात दोन-दोन करून उभे करतो, निर्जंतुकीकरण कसे होते ते दाखवतो, आणि रुग्णाची परवानगी घेऊन दाढ काढतानाही पाहू देतो. ज्याला घेरी येते त्याला बाहेर बसवून चहा देतो आणि सांगतो की मलाही आली होती. मग प्रत्येकाला अंघोळीच्या साबणाची वडी आणि छोटी सुरी देऊन एक दाढ कोरायला लावतो. कॅनडाच्या दंत प्रवेश परीक्षेत साबण कोरण्याची अशीच चाचणी पुष्कळ वर्षे होती. नीटमध्ये हाताचे कौशल्य कोणीच तपासत नाही. या साबणावरून मी कोणाची निवड करत नाही. परंतु वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी, घरी बांबूच्या टोपल्या विणणारी एखादी मुलगी जेव्हा सर्वांत नेटकी दाढ कोरते, तेव्हा तिला आणि तिच्या वर्गालाही काहीतरी कळते.

पहिल्या प्रयत्नात यश आले नाही, तर काय, याचा विचार सुरुवातीलाच हवा. मी पाहिलेल्या आश्रमशाळेतील मुलांपैकी बहुतेकांना जागा दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांचीही नाही. मर्यादा असते ती घरच्यांच्या धीराची, आणि मुलींच्या बाबतीत ती फार लवकर संपते. बारावी झालेल्या मुलाला आश्रमशाळेत राहता येत नाही, म्हणून त्या एका वर्षाच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था उपक्रमाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी, आणि बारावीच्या ऑक्टोबरमध्येच पालकांशी त्याविषयी स्पष्ट बोलून ठेवावे.

प्रवेश मिळाल्यावरही पहिल्या वर्षी एक जण सोबत हवा. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रिया व जीवरसायन आणि दातांची रचना असे विषय इंग्रजीतून लिहायचे असतात. आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशिकचेच असले, तरी त्याच्या परीक्षेत दीर्घोत्तरे लागतात, आणि दोन वर्षे केवळ गोल रंगवलेल्या मुलाला सलग पाने लिहायची सवय राहिलेली नसते. नीट झाल्यापासून प्रवेश होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत मुलांना रोज एक पान इंग्रजीत, आकृतीसह, लिहायला लावावे. इतके साधे काम, पण पहिल्या सत्राची धडकी त्याने पुष्कळ कमी होते.

यंदापासून सुरुवात करायची असेल, तर पहिली बैठक मुलांची नव्हे, पालकांची घ्या, आणि तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे त्यांची मजुरी बुडणार नाही. येताना घरातील जुन्या पत्र्याच्या पेटीत जे जे कागद असतील ते सगळे पिशवीत घालून आणायला सांगा. कोणता कामाचा आणि कोणता नाही हे त्यांनी ठरवू नये. वंशावळी लिहून घ्यायला आणि कागद लावायला मी आणि दोन आंतरवासिता करणारे विद्यार्थी येऊ. तारीख कळवा, म्हणजे त्या दिवशीचे रुग्ण पुढे ढकलतो.